पेटीतले पदक



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांचा दफनविधी आमच्या हातून झाला. त्यांस जन्मापासून ऐकू येत नव्हते. लग्न झाले नव्हते; पुतण्याच्या घरी राहत, गोठा पाहत, सुगीच्या दिवसांत खळ्यावर राखणीला जात, आणि रविवारच्या मिस्सेला डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर न चुकता बसत. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव मोठे सुंदर होते. पण गावात ते कोणी घेत नसे. थोरामोठ्यांपासून पोरासोरांपर्यंत सारे त्यांस ‘मुका’ म्हणत, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. ज्यास ऐकूच येत नाही त्यास काय म्हटले तरी चालते, अशी आपली समजूत असते.

महिन्याची मिस्सा झाल्यावर त्यांचा पुतण्या आमच्याकडे आला. हातात फडक्यात बांधलेल्या दोन वस्तू होत्या. ‘फादर, काकांच्या पेटीत हे सापडलं. टाकायला मन होत नाही, आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही.’ एक होते पितळेचे पदक. त्यावर धावणाऱ्या माणसाची आकृती, बाकी सारे झिजलेले. दुसरे होते एक छायाचित्र. अर्ध्या चड्ड्या घातलेली दहाबारा मुले दोन रांगांत उभी होती, आणि मागच्या रांगेत, ओठ घट्ट मिटून, आमचे हे गृहस्थ सोळासतरा वर्षांचे. मागील बाजूस एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

आम्ही विचारले, ‘ही शर्यत कुठली? कुठल्या सालची?’

‘काय माहीत, फादर. काकांना विचारायला हवं होतं.’ मग थोडा वेळ तो गप्प राहिला आणि म्हणाला, ‘पण विचारायचं कसं?’

या प्रश्नाने आम्हांस ओशाळवाणे केले. या धर्मग्रामात आम्हांस आठ वर्षे झाली. या गृहस्थांस आम्ही दर रविवारी कम्युनियन दिले, आजारपणात पवित्र तेल लावले, शेवटी मूठभर मातीही दिली. पण आठ वर्षांत त्यांच्याशी आम्ही एक गोष्ट बोललो नाही. हात जोडले, मान हलविली, हसलो; झाले आमचे कर्तव्य. आमच्या मनानेही त्यांस ‘मुका’च म्हटले होते, फक्त तोंडाने म्हटले नव्हते इतकेच.

तो प्रश्न मनात घेऊन आम्ही बधिर खेळाडूंच्या इतिहासाविषयी जे मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. कारण असे पदक आणखीही कोणाच्या पेटीत असेल, आणि त्या पेटीचा मालक सुदैवाने अजून हयात असेल.

१९२४ सालच्या उन्हाळ्यात पॅरिस नगरीत ऑलिंपिक सामने झाले, हे पुष्कळांस ठाऊक आहे. जुलैच्या अखेरीस ते संपले, परदेशचे खेळाडू घरोघर गेले, वृत्तपत्रे दुसऱ्या विषयांकडे वळली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १० ऑगस्टपासून १७ ऑगस्टपर्यंत, त्याच नगरीत आणखी एक क्रीडामेळा भरला. युरोपातील नऊ देशांचे सुमारे दीडशे खेळाडू आले. धावणे, पोहणे, सायकल, फुटबॉल, नेमबाजी असे खेळ झाले. खेळाडू सारे बधिर होते. या मेळ्याचे नाव होते ‘आंतरराष्ट्रीय मूक क्रीडासामने’. शरीराच्या एखाद्या व्यंगामुळे मागे सारलेल्या लोकांनी देशोदेशीचे खेळाडू जमवून सामने भरविल्याचे हे जगातील पहिले उदाहरण होय. अपंगांचे पॅरालिंपिक सामने ज्यांस म्हणतात त्यांची सुरुवात १९६० साली रोम येथे मानली जाते. म्हणजे बधिरांचे सामने त्यांहून छत्तीस वर्षांनी वडील आहेत. परंतु आजही बधिर खेळाडूने पदक आणले की लोक विचारतात, ‘पॅरालिंपिकमध्ये का?’ वडील भावाची ओळख धाकट्याच्या नावाने करून द्यावी, तसा हा प्रकार आहे.

हे सामने कोणा राजाने वा सरकारने भरविले नव्हते. यूजेन रुबेन्स-आल्के या फ्रेंच गृहस्थाची ती खटपट होती. १८८४ साली दक्षिण फ्रान्समध्ये त्याचा जन्म झाला. तो लहानपणापासून बधिर. धंद्याने यंत्र-कारागीर आणि सायकलचा मोठा शौकीन. १९१४ साली त्याने बधिर खेळाडूंसाठी एक वृत्तपत्र काढले; १९१८ साली फ्रान्समधील बधिरांच्या क्रीडामंडळांस एकत्र आणून त्यांचा संघ उभारला. पॅरिसचे सामने चालू असतानाच, १६ ऑगस्ट १९२४ रोजी, निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी तेथील एका कॉफीगृहात जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय समिती स्थापिली. रुबेन्स-आल्के तिचा अध्यक्ष झाला व १९५३ पर्यंत त्या पदावर राहिला. बेल्जियमचा आंत्वान द्रेस चिटणीस झाला, तो १९६७ पर्यंत. हाही बधिरच. या समितीविषयी आम्हांस विशेष वाटले ते हेच. पुष्कळ संस्था दुबळ्यांसाठी सबळांनी चालविलेल्या असतात. ही मात्र बधिरांनी बधिरांसाठी काढली आणि स्वतः चालविली.

खेळांचे नियम इतरांप्रमाणेच असतात. फरक एवढाच की जेथे आपण कानाने काम घेतो तेथे हे डोळ्याने घेतात. शर्यत सुटताना पिस्तुलाचा बार ऐकू येत नाही म्हणून दिव्याची उघडझाप होते. फुटबॉलचा पंच शिट्टीबरोबर झेंडाही हलवितो. भाग घेणाराच्या दोन कानांपैकी जो चांगला कान, त्याची श्रवणशक्ती निदान ५५ डेसिबलने कमी असावी लागते. आणि मैदानात उतरताना सर्वांस श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते, म्हणजे कोणास अधिक, कोणास उणे असे राहत नाही. १९५५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बधिरांच्या या समितीस मान्यता दिली, आणि २००१ पासून हे सामने ‘डेफलिंपिक्स’ या नावाने ओळखले जातात.

आता कोणी म्हणेल, शंभर वर्षांचा असा भरघोस इतिहास असताना तो लोकांस ठाऊक कसा नाही? त्याची कारणे शोधताना आम्हां धर्मगुरूंस एके ठिकाणी मान खाली घालावी लागते.

अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे नावाचे एक धर्मगुरू होते. १७६० च्या सुमारास त्यांनी आपल्या घरी बधिर मुलांसाठी शाळा काढली, गरिबांच्या मुलांस फुकट शिकविले; आणि मोठी गोष्ट ही की, त्यांनी आधी त्या मुलांच्या हातांची भाषा शिकून घेतली, व मग त्याच भाषेच्या आधारे त्यांस लिहावाचावयास शिकविले. परंतु सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेल्या सुमारे १६४ जणांपैकी जवळजवळ सारे ऐकणारे होते, आणि इटली व फ्रान्समधील धर्मगुरूंचा त्यांत मोठा भरणा होता. अध्यक्षही जूलिओ तार्रा हे धर्मगुरूच. बधिर मुलांस केवळ तोंडी बोलणे शिकवावे, हातांची भाषा शाळेतून काढून टाकावी, असे त्या परिषदेने प्रचंड बहुमताने ठरविले. त्यांच्या मनात वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. मुलांनी सर्व लोकांत मिसळावे असेच त्यांस वाटत होते. परंतु ज्यांचे हात बांधावयाचे त्यांस विचारले कोणी नाही. पुढे अनेक देशांत बधिर शिक्षकांच्या जागा गेल्या, आणि वर्गात हात हलविला म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या.

हे सांगण्याचे कारण असे की, शाळेत बंद झालेली भाषा मैदानावर व क्रीडामंडळांत जिवंत राहिली. संध्याकाळी काम सुटल्यावर बधिर तरुण तेथे जमत, खेळत, आणि मोकळ्या हातांनी बोलत. त्यांच्या खेळाचा इतिहास म्हणजे त्यांच्या भाषेचाही इतिहास होय. १९५७ साली बधिरांचे आठवे उन्हाळी सामने भरले ते मिलान नगरीतच! ज्या गावात हात बांधण्याचा ठराव झाला होता, त्याच गावात सत्याहत्तर वर्षांनी देशोदेशीचे बधिर खेळाडू उघड्या मैदानावर हातांनी बोलत उभे राहिले. त्या ठरावाबद्दल शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो पुढे २०१० साली, कॅनडातील व्हँकूवर येथे.

दुसरे कारण घराघरांतले आहे. ऐकणाऱ्या माणसाची गोष्ट आजोबांकडून नातवाकडे जाते. बधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप मात्र ऐकणारे असतात, आणि बधिर आईबापांची मुलेही बहुतेक ऐकणारीच निपजतात. घरात हातांची भाषा कोणी शिकले नसेल, तर त्या माणसाची गोष्ट वरून खाली उतरतच नाही. ती मित्राकडून मित्राकडे, मंडळातून मंडळात, अशी आडवी चालते. मंडळ मोडले, मित्र गेले, की ती संपते. पदक मात्र वारसाहक्काने पुतण्याकडे येते आणि पुतण्या विचारतो, ‘हे काय?’ शिवाय हातांच्या भाषेस रोजच्या वापराची लिपी नाही. जे हात बोलत होते ते थंड झाले, की त्यांतले सारे त्यांच्याबरोबर जाते.

जेव्हा लोकांस एखादी गोष्ट मुद्दाम विसरावयाची असते, तेव्हा तर हे फारच सोपे होते. १९३१ साली तिसरे सामने जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे भरले. दोनच वर्षांनी हिटलरची सत्ता आली. बधिरांच्या संस्थांतून ज्यू सभासदांस काढून टाकण्यात आले. कालपर्यंत ज्यांनी एका संघात चेंडू खेळला ते एकमेकांस परके झाले. जुलै १९३३ मध्ये कायदा झाला की, ज्यांचे बहिरेपण आनुवंशिक ठरेल त्यांस सक्तीने निर्बीज करता येईल. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पंधरा हजार बधिर स्त्रीपुरुषांवर, कित्येक शाळकरी मुलांवरसुद्धा, ही शस्त्रक्रिया झाली. आणि कित्येक मुलांची नावे सरकारला त्यांच्याच शिक्षकांनी कळविली होती. युद्ध संपल्यावर ही माणसे गप्प राहिली, कारण त्यांचे ऐकावयास कोणी बसलेच नाही. पुढे होर्स्ट बीझोल्ड नावाच्या, बधिरांना शिकविणाऱ्या एका जर्मन शिक्षकाने या वृद्धांच्या भेटी घेतल्या, त्यांच्या हकिगती त्यांच्याच हातांतून टिपून घेतल्या, आणि १९८८ साली त्यांचे पुस्तक छापले. चार दशकांहून अधिक काळ दडलेली गोष्ट एका माणसाने विचारल्यामुळे उजेडात आली. आणखी वीस वर्षे कोणी विचारले नसते तर सांगणारे उरलेच नसते.

त्याच काळातील आणखी एक गोष्ट. पाचवे सामने स्वीडनमधील स्टॉकहोम येथे २४ ते २७ ऑगस्ट १९३९ या दिवसांत झाले. १ सप्टेंबरला पोलंडवर स्वारी होऊन महायुद्ध पेटले. पुढचे उन्हाळी सामने भरावयास १९४९ साल उजाडले. स्टॉकहोमहून घरी परतलेल्या त्या तरुणांपैकी कोण वाचला, कोण कुठे गेला, हे त्यांच्या मंडळांच्या वह्यांतून व जुन्या छायाचित्रांतून शोधावे लागते. म्हणून अशा एका वहीचे मोल आम्हांस एखाद्या ग्रंथालयाइतके वाटते.

बधिर खेळाडूंपैकी काहींची नावे मात्र जगाने जपली आहेत. इटलीच्या कार्लो ओर्लांदीने १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. हंगेरीची इल्दिको रेइतो ही जन्मतः बधिर. तलवारबाजीत तिने १९६० ते १९७६ या काळात ऑलिंपिकची सात पदके मिळविली, त्यांपैकी दोन सुवर्णपदके १९६४ साली टोकियो येथे. दक्षिण आफ्रिकेच्या टेरेन्स पार्किनने २००० साली सिडनीत, दिव्याच्या इशाऱ्यावर पाण्यात उडी घेऊन, २०० मीटर पोहण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. या सर्वांचे कौतुक योग्यच आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात येते. ही नावे जगाने जपली, कारण ही माणसे आपल्या, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या, मैदानात येऊन जिंकली. ज्या ऑगस्ट महिन्यात ओर्लांदी ॲम्स्टरडॅमला जिंकला, त्याच महिन्यात त्याच नगरीत बधिरांचे दुसरे सामने झाले. त्यांत जिंकणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव वाचकांपैकी कोणास ठाऊक आहे काय? आम्हांसही नव्हते. मुलगा आपल्या घरी आला तरच त्यास ओळखावयाचे, आणि त्याच्या घरी आपण कधी पाऊल टाकावयाचे नाही, ही कसली सोयरीक?

आपल्या देशाचीही गोष्ट याहून फार निराळी नाही. भारताचे नाव या सामन्यांत १९६५ सालापासून येते. त्या वर्षी हे सामने प्रथमच युरोपबाहेर, अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरले होते. तेव्हापासून आजवर आपल्या किती तरुणांनी परदेशी मैदानांवर देशाचा अंगरखा घातला असेल! हरियाणातील सासरौली गावचा मल्ल वीरेंद्र सिंह याने २००५, २०१३ व २०१७ या तिन्ही साली कुस्तीचे सुवर्णपदक आणले. तीन तरुणांनी त्याच्यावर माहितीपट काढला, म्हणून देशास त्याचे तोंड दिसले. त्या माहितीपटाचे नाव ‘गूंगा पहलवान’; कारण लोक त्यास त्याच नावाने ओळखत. तीन सुवर्णपदके आणली तरी ‘गूंगा’ हा शब्द सुटला नाही! २०२१ साली त्यास पद्मश्री मिळाली. आणि पदक हाती आल्यावर दुसऱ्याच दिवशी, बधिर खेळाडूंस पॅरालिंपिकच्या खेळाडूंइतकाच मान व साहाय्य मिळावे म्हणून, तो दिल्लीत हरियाणा भवनासमोर पदपथावर जाऊन बसला. २०२२ साली ब्राझीलमधील सामन्यांत हैदराबादच्या धनुष श्रीकांतने नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले, आणि पुण्याच्या प्रियेशा देशमुखच्या जोडीने मिश्र दुहेरीचे आणखी एक सुवर्णपदक जिंकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामने टोकियोस भरले तेव्हाही धनुषने सुवर्णपदक राखले. आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे हैदराबादेत राहतात. त्यांच्या मुलांस क्रिकेटच्या अकराही खेळाडूंची नावे पाठ असतील. त्यांत हे बारावे नाव घालावे.

आजच्या खेळाडूंची छायाचित्रे व चित्रफिती तरी निघतात. काळजी आहे ती मागच्या दोन पिढ्यांची. त्यांचा इतिहास अजून ट्रंकेत, भिंतीवरच्या चौकटीत आणि थकलेल्या हातांत आहे. तो कसा राखावा याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच एकाने घालून दिला आहे. अमेरिकेतील बधिरांचे पुढारी जॉर्ज व्हेडिट्झ यांनी पाहिले की, हातांची भाषा कागदावर उतरत नाही. पण चलच्चित्र ही कला नुकतीच निघाली आहे आणि ती हात टिपू शकते. त्यांच्या संस्थेने वर्गणी जमवून कुशल भाषिकांची चित्रे काढली, आणि १९१३ साली व्हेडिट्झ स्वतः कॅमेऱ्यापुढे उभे राहून आपल्या भाषेच्या रक्षणाविषयी हातांनी बोलले. ते चित्र आजही पाहावयास मिळते. त्यांस त्या काळी हजारो डॉलर जमवावे लागले. आज तसले यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात असते आणि आपण त्यावर लग्नातली जेवणावळ टिपतो.

म्हणून आम्ही पुतण्यास म्हटले, ‘काकांना विचारायचं राहिलं ते राहिलं. त्यांच्यासोबत कोण शिकत होतं ते तरी शोधू.’ तालुक्याच्या गावी एक वृद्ध शिंपी आहेत. तेही बधिर, आणि लहानपणी शहरातील बधिरांच्या त्याच शाळेत शिकलेले. त्यांची मुलगी ऐकते, आणि वडिलांची भाषा तिला उत्तम येते. एका शनिवारी आम्ही दोघे छायाचित्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. शिंपीदादांनी चष्मा पुसला, छायाचित्र खिडकीपाशी नेले, आणि मग त्यांचे हात जे चालू लागले ते तासभर थांबले नाहीत. मुलगी सांगत होती, पुतण्याचा मोबाईल टिपत होता, आणि आम्ही वहीत लिहीत होतो.

बधिरांच्या शाळांचे ते सामने होते. चौघांनी पाळीपाळीने धावण्याची शर्यत; आमचे गृहस्थ शेवटचे. शर्यत सोडणाऱ्या मास्तरांनी पांढरा रुमाल खाली टाकून इशारा दिला. तिसऱ्या गड्याच्या हातून दांडी निसटली, आणि आमच्या गृहस्थांच्या हाती ती आली तेव्हा दोन शाळा पुढे गेल्या होत्या. त्यांनी दोघांसही गाठले. साल कोणते, असे विचारता शिंपीदादा म्हणाले की, साल स्मरत नाही, पण तो पदक घेऊन घरी गेला तो बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. आमच्या विवाहनोंदवहीत त्या बहिणीचे लग्न सापडले: १९६८. घरात मांडव पडला असेल, पाहुण्यांची गर्दी असेल. अशा गडबडीत या मुलाने खिशातून पदक काढून कोणास दाखविले असेल? दाखविले असेल तर कोणास समजले असेल?

निघताना आम्ही सहज विचारले की, शाळेत यांस काय म्हणत? ‘मुका’च का? मुलीने वडिलांस विचारले. ते हसले. त्यांनी डावा तळहात पुढे धरला आणि उजव्या हाताची दोन बोटे त्यावरून झर्रकन पुढे नेली. मुलगी म्हणाली, ‘हे त्यांचं नाव, फादर. बधिर लोक एकमेकांना असं खुणेचं नाव ठेवतात. याचा अर्थ, जो वेगाने निघून जातो तो.’

पन्नास वर्षांहून अधिक काळ आमच्या गावात एक वेगाने धावणारा माणूस राहत होता, आणि आम्ही त्यास मुका म्हणत होतो. पुतण्याने ती खूण दोनदा करून पाहिली. दुसऱ्या खेपेस शिंपीदादांनी त्याची बोटे धरून नीट केली.

आमच्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत या गृहस्थांच्या नावे तीन तारखा आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण आणि दफन. त्या वह्यांत आणखी काही लिहिण्याची रीत नाही. म्हणून आम्ही एक निराळी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर ही हकिगत आहे. दुसरे पान कोरे आहे.

वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात वा गावात बधिर वृद्ध असेल तर येत्या रविवारी दुपारी त्याच्यापाशी बसा. जुनी छायाचित्रे काढा. त्याची भाषा तुम्हांस येत नसेल तर ज्यास येते त्यास सोबत न्या. त्याचा मित्र, त्याचा शाळासोबती, कोणी ना कोणी असतो. त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. त्याच्या हातांस बोलू द्या, आणि ते हात चित्रात नीट दिसतील असे पाहा. तोंड दिसते आणि हात कापले जातात, ही चूक आमच्याकडूनही पहिल्यांदा झाली. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहा. पदके घासून चकचकीत करू नका, अक्षरे जातात. क्रीडामंडळाच्या जुन्या वह्या, पावत्या, प्रवासाची तिकिटे रद्दीत घालू नका. आणि त्याचे खुणेचे नाव विचारून घ्या. मग ते त्याच्यासमोर करून पाहा. चुकले तर तो सुधारील.